अपुऱ्या तटाची किंमत : सीझरच्या मोहिमांतील तटबंदी आणि पूल

रोमन सैन्याच्या यशाचा विषय निघाला, की मोठी ढाल आणि आखूड तलवार घेऊन रांगेने पुढे सरकणारे पायदळच बहुतेकांच्या डोळ्यांसमोर उभे राहते. परंतु या पायदळाचा मोहिमेतला बराच काळ तलवार चालवण्यापेक्षा कुदळ, फावडे आणि कुऱ्हाड चालवण्यात जात असे. इ. स. पहिल्या शतकातील सेनापती कॉर्ब्युलो याचे मत शत्रूचा पराभव कुदळीने, म्हणजे बांधकामाच्या बळावर करावा असे होते, आणि फ्रंटिनस या रोमन लेखकाने युद्धातील डावपेचांवरच्या आपल्या ग्रंथात ते नोंदवून ठेवले आहे. या मताला मात्र एक पुरवणी जोडावी लागते. तट आणि पूल हाती घेतल्याने सैन्य बळकट होत नसे, ते वेळेत पुरे केल्याने होत असे. काम चालू असलेला मधला काळ हाच सैन्याच्या दृष्टीने सर्वांत घातक ठरे, कारण त्या वेळी शिपाई विखुरलेले असत, त्यांची शस्त्रे बाजूला ठेवलेली असत आणि तट अजून उभा राहिलेला नसे. इ. स. पू. ५८ ते ४८ या दहा वर्षांत ज्युलियस सीझरने प्रथम गॉलमध्ये, म्हणजे साधारणतः आजच्या फ्रान्स आणि बेल्जियमच्या प्रदेशात, आणि नंतर रोमच्या यादवी युद्धात ज्या मोहिमा केल्या, त्यांत या गोष्टीची साक्ष वारंवार मिळते. या मोहिमांचे वृत्तान्त सीझरने स्वतःच लिहिलेले असल्यामुळे त्यांतील शत्रुसंख्येचे आकडे आणि आत्मस्तुती सावधपणे वाचावी लागते. तरीही बांधकामाची मापे, पद्धती आणि अडचणी यांचे इतके तपशीलवार वर्णन प्राचीन साहित्यात क्वचितच सापडते.

रोज नवी छावणी

रोमन सैन्याचा मूळ घटक म्हणजे लीजन. सीझरच्या काळी एका लीजनमध्ये दहा कोहोर्ट, म्हणजे तुकड्या असत आणि कागदोपत्री तिचे संख्याबळ सुमारे पाच हजार धरले जाई. प्रत्यक्ष मोहिमेत ते पुष्कळदा याहून कमी असे. शत्रूच्या मुलखात कूच करताना असे सैन्य मुक्कामाच्या प्रत्येक ठिकाणी तटबंदीची छावणी उभारी, मग तो मुक्काम एका रात्रीचा का असेना. बिनीबरोबर पुढे गेलेले मोजणीदार पाण्याजवळची, शक्यतो उताराची जागा निवडत आणि ग्रोमा या साधनाने, म्हणजे एका काठीवर आडव्या बसवलेल्या, टोकांना ओळंबे सोडलेल्या फुलीच्या साहाय्याने, काटकोनात रेषा आखून सेनापतीचा तंबू, मुख्य रस्ते आणि प्रत्येक तुकडीची जागा निशाणे रोवून निश्चित करत. इ. स. पू. दुसऱ्या शतकातील ग्रीक इतिहासकार पॉलिबियस याने या आखणीचे सविस्तर वर्णन केले आहे. आखणी नेहमी सारखीच असल्यामुळे आपला तंबू कोणत्या रस्त्यावर कितवा लागणार, हे प्रत्येक शिपायाला छावणी उभी राहण्यापूर्वीच ठाऊक असे.

मुख्य सैन्य येऊन पोहोचले, की त्याचा एक भाग शत्रूच्या दिशेला सशस्त्र उभा राही आणि उरलेले शिपाई खोदकामाला लागत. खणून काढलेली माती आतल्या बाजूला टाकली जाई, त्यामुळे एकाच कष्टात बाहेर खंदक आणि आत बांध अशा दोन्ही गोष्टी तयार होत. त्या बांधावर शिपायांनी बरोबर आणलेल्या टोकदार मेखा रोवल्या, की थोड्या वेळात मेढेकोट, म्हणजे लाकडी मेढींचा तट, उभा राही. जागा आणि हवामान बदलले तरी कामांचा क्रम बदलत नसल्यामुळे कोणी काय करायचे हे सांगण्यात वेळ जात नसे, आणि म्हणूनच दिवसभर चालून आलेले सैन्य सूर्यास्तापूर्वी तटाच्या आड जाऊ शके. सकाळी तळ उठताना हे काम पुष्कळदा मोडून किंवा जाळून टाकले जाई, कारण रिकामा तयार तट शत्रूच्या हाती पडू देणे परवडणारे नव्हते.

छावणी पुरी होण्याआधीच हल्ला आला तर काय होते, याचा अनुभव सीझरला इ. स. पू. ५७ मध्ये साबिस नदीच्या काठी आला. सहा लीजन आघाडीला येऊन छावणी खोदू लागल्या होत्या, तर नव्याने भरती केलेल्या दोन लीजन बुणग्यांच्या, म्हणजे सामानसुमानाच्या तांड्याच्या रक्षणासाठी मागे होत्या. इतक्यात पलीकडच्या काठावरच्या रानात दबा धरून बसलेले नर्व्ही जमातीचे लोक नदी ओलांडून थेट काम करणाऱ्या शिपायांवर तुटून पडले. काही शिपाई बांधासाठी लागणारे साहित्य आणायला दूर गेले होते, कित्येकांना शिरस्त्राण चढवायला किंवा ढालीवरचे चामडी आच्छादन काढायलाही सवड मिळाली नाही, आणि आपली तुकडी शोधण्यात वेळ घालवण्याऐवजी जो जिथे होता तो तिथल्याच निशाणाखाली उभा राहून लढू लागला. या प्रसंगातून सैन्य वाचले याची दोन कारणे सीझरने दिली आहेत. पूर्वीच्या लढायांत तयार झालेल्या शिपायांना काय करावे हे कोणी सांगण्याची गरज नव्हती, हे पहिले कारण. आणि छावणीची तटबंदी पुरी होईपर्यंत कोणत्याही दुय्यम सेनापतीने काम आणि आपली लीजन सोडून जाऊ नये, अशी सक्त ताकीद सीझरने आधीच देऊन ठेवली होती, हे दुसरे. त्यामुळे मुख्य सेनापतीच्या हुकमाची वाट न पाहता प्रत्येक अधिकाऱ्याने जागच्या जागी निर्णय घेतले. या ताकिदीवरून काम अर्धवट असतानाचा धोका रोमन सेनापतींना पुरता ठाऊक होता, हे स्पष्ट होते.

वेळ विकत घेणारी तटबंदी

याच्या आदल्या वर्षी, इ. स. पू. ५८ मध्ये, सीझरने बांधकामासाठी लागणारा वेळ वाटाघाटींतून मिळवला होता. आजच्या स्वित्झर्लंडच्या प्रदेशात राहणारे हेल्वेटी लोक घरेदारे जाळून, बायकामुलांसह पश्चिमेकडे स्थलांतर करायला निघाले होते आणि त्यांना जिनिव्हाजवळ ऱ्होन नदी ओलांडून रोमन प्रांतातून वाट हवी होती. सीझरपाशी त्या वेळी एकच लीजन होती. त्याने तिथला पूल तोडायला लावला आणि वाट मागायला आलेल्या वकिलांना विचार करायला अवधी हवा, १३ एप्रिलला पुन्हा या, असे सांगून परत पाठवले. त्या अवधीत त्याने जिनिव्हा सरोवरापासून जुरा पर्वतापर्यंत १९ रोमन मैल, म्हणजे सुमारे २८ किलोमीटर अंतरात, १६ फूट उंचीचा तट आणि खंदक तयार करवून घेतला आणि मोक्याच्या जागी ठाणी बसवली. नदीचा काठ पुष्कळ ठिकाणी मुळातच उभ्या कड्याचा असल्यामुळे सलग तट न बांधता जिथे उतार किंवा पायउतारा होता तेवढ्याच जागा बांधून काढल्या असाव्यात, असे आजचे अभ्यासक मानतात. ठरल्या दिवशी वकील परत आले तेव्हा त्यांना नकार मिळाला. हेल्वेटींनी एकमेकींना बांधलेल्या नावा आणि तराफे यांच्या साहाय्याने, तसेच उथळ जागांवरून, कधी दिवसा तर कधी रात्री नदी ओलांडण्याचे प्रयत्न केले, पण तट पुरा झालेला असल्यामुळे ते सर्व फसले.

पुढे हेच लोक दुसऱ्या वाटेने साओन नदीवर पोहोचले आणि नावा-तराफ्यांवरून तिच्या पैलतीरी जाऊ लागले. त्यांचा चौथा हिस्सा अजून अलीकडे असताना सीझरने त्याच्यावर छापा घातला आणि मग उरलेल्यांचा पाठलाग करण्यासाठी एका दिवसात पूल बांधून सैन्य पार नेले. जे काम उरकायला हेल्वेटींना वीस दिवस लागले ते रोमनांनी एका दिवसात केलेले पाहून त्यांनी ताबडतोब वकील पाठवले, असे सीझर लिहितो. बोलणी फिसकटली खरी, तथापि पुलाचा उपयोग सैन्य पार नेण्यापुरता नसून शत्रूच्या मनावर दडपण आणण्यासाठीही होतो, हे येथे दिसून आले.

ऱ्हाइनवरचे दहा दिवस

हा दुसरा उपयोग इ. स. पू. ५५ मध्ये ऱ्हाइन नदीवर पूर्णपणे साधला गेला. नदीपलीकडचे जर्मन लोक वेळोवेळी गॉलमध्ये उतरत असत आणि रोमन सत्ता ऱ्हाइनपाशी संपते अशी त्यांची भावना होती. ती खोटी ठरवणे हा या मोहिमेचा हेतू होता. रोमशी मैत्री असलेल्या उबी जमातीने सैन्य उतरवण्यासाठी पुष्कळ नावा देऊ केल्या, पण नावांतून जाणे सुरक्षित नाही आणि रोमच्या प्रतिष्ठेला शोभणारेही नाही, असे म्हणून सीझरने पूल बांधायचे ठरवले. पुलाची नेमकी जागा आजच्या जर्मनीतील कोब्लेंझ शहराच्या खालच्या अंगाला असावी, असे सामान्यतः मानले जाते.

या पुलाची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. दीड फूट जाडीचे, खालच्या टोकाला किंचित निमुळते केलेले दोन वासे एकमेकांपासून दोन फुटांवर ठेवून जोडले जात आणि नदीच्या खोलीच्या मानाने लांबी ठरवून यंत्रांनी पाण्यात सोडले जात. मग वजनदार ठोकळ्याच्या घावांनी ते तळात ठोकून बसवायचे, पण नेहमीच्या खांबांसारखे उभे ताठ नव्हे, तर प्रवाहाच्या दिशेला झुकलेले. त्यांच्या समोर, प्रवाहाच्या खालच्या अंगाला ४० फुटांवर, म्हणजे साधारण १२ मीटरवर, तशीच दुसरी जोडी प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने कललेली ठोकली जाई. या दोन जोड्यांच्या वरच्या टोकांत दोन फूट जाडीची तुळई बसवून तिच्या दोन्ही टोकांना आडण्यांनी असे जखडायचे, की जोड्या एकमेकींपासून दूर ढकललेल्याही राहतील आणि सुटणारही नाहीत. परिणामी पाण्याचा जोर जितका वाढे, तितके सांधे अधिक घट्ट आवळले जात, म्हणजे जो प्रवाह पूल वाहून नेणार, त्याच्याच बळावर तो पक्का होत असे. तुळयांच्या या रांगेवर लांब वासे आणि त्यांवर फांद्यांचे विणलेले कूड अंथरून वाट तयार झाली. खालच्या अंगाला तिरपे टेकू देऊन आधार वाढवला गेला, आणि वरच्या अंगाला थोड्या अंतरावर सुटे खांब ठोकून ठेवले गेले. शत्रूने पूल मोडण्यासाठी झाडांचे ओंडके किंवा नावा प्रवाहात सोडल्या, तर त्यांचा आघात या खांबांवर जिरावा, अशी ती योजना होती.

लाकूड आणायला सुरुवात झाल्यापासून दहाव्या दिवशी पूल पुरा होऊन सैन्य पार गेले. सुगांब्री जमातीचे लोक पूल बांधायला घेतल्याची बातमी लागताच गाशा गुंडाळून रानात शिरले होते. त्यांची ओस पडलेली गावे जाळून आणि उभे पीक कापून सीझर अठरा दिवसांनी परतला आणि त्याने तो पूल मोडून टाकला. एकही मोठी लढाई न करता एवढा खटाटोप करणे वरकरणी निष्फळ वाटते. परंतु वाटेल तेव्हा ऱ्हाइन ओलांडता येते हे दाखवणे हेच साध्य असल्यामुळे ते पूल पुरा झाला त्या दिवशीच निम्मे साधले होते. दोनच वर्षांनी, इ. स. पू. ५३ मध्ये, सीझरने जवळच, थोड्या वरच्या अंगाला, दुसरा पूल बांधला; रीत माहितीची झाल्यामुळे आणि शिपायांच्या उत्साहामुळे तो थोड्या दिवसांत उभा राहिला. या खेपेला मात्र परतताना त्याने पैलतीराकडचा २०० फुटांचा भाग तेवढा काढून टाकला आणि उरलेल्या पुलाच्या टोकाला चार मजली बुरूज उभारून १२ कोहोर्टची शिबंदी ठेवली. पूल कामापुरता अपुरा ठेवल्याने शत्रूला त्यावरून येता येत नव्हते आणि रोमन सैन्य पुन्हा कधी येईल याची धास्ती मात्र कायम राहत होती.

अलेसियाचा दुहेरी वेढा

इ. स. पू. ५२ मध्ये गॉलमधल्या अनेक जमाती व्हर्सिंजेटोरिक्स या तरुण सरदाराच्या नेतृत्वाखाली उठल्या आणि अखेर तो आपल्या सैन्यासह अलेसिया या टेकडीवरच्या गावाच्या आश्रयाला गेला. गावावर सरळ हल्ला करणे अशक्य असल्यामुळे सीझरने उपासमारीने शरण आणण्यासाठी टेकडीभोवती ११ रोमन मैल, म्हणजे सुमारे १६ किलोमीटर लांबीची वेढ्याची रांग आखली. प्रथम २० फूट रुंदीचा, उभ्या भिंतींचा खंदक खणला गेला, तो यासाठी की मागचे काम चालू असताना शत्रूला अचानक घाला घालता येऊ नये. त्यामागे ४०० फुटांवर १५ फुटांचे दोन खंदक आले, त्यांतल्या आतल्या खंदकात सखल जागी नदीचे पाणी वळवून घेतले गेले, आणि त्यांच्या पाठीशी १२ फूट उंचीचा तट, त्यावर मेढेकोट आणि दर ८० फुटांवर बुरूज उभे राहिले.

यावरही सीझरचे समाधान झाले नाही, कारण लाकूड आणि धान्य आणायला तुकड्या दूर जात, तेव्हा तटावर माणसे कमी पडत आणि गॉल लोक नेमके त्याच वेळी बाहेर पडून हल्ले करत. थोड्या माणसांना लांब तट राखता यावा म्हणून तटापुढे सापळ्यांचे पट्टे तयार केले गेले. पाच फूट खोल चरांत फांद्यांसह रोवलेल्या, टोके तासलेल्या झाडांच्या पाच रांगा हा पहिला पट्टा होता. त्यांच्यापुढे तीन फूट खोलीचे, तळाकडे निमुळते होत गेलेले खड्डे तिरकस रांगांनी खणले होते. प्रत्येक खड्ड्यात मांडीएवढ्या जाडीची, टोकाला तासून आगीत कडक केलेली मेख अशा बेताने रोवलेली असे, की जमिनीवर तिची जेमतेम चार बोटे दिसावीत. ती पक्की राहावी म्हणून तळाशी एक फूट माती तुडवून घट्ट केली जाई आणि उरलेला खड्डा काटक्या-झुडपांनी झाकला जाई. अशा खड्ड्यांच्या आठ रांगा होत्या, आणि सर्वांपुढे लोखंडी आकडे ठोकलेले लाकडाचे ठोकळे जमिनीत पुरून जागोजाग पेरलेले होते.

दरम्यान व्हर्सिंजेटोरिक्सने घोडदळ बाहेर काढून मदत मागवल्याचे कळताच सीझरने बाहेरच्या बाजूला तोंड करून १४ रोमन मैलांची, म्हणजे जवळजवळ २१ किलोमीटरची, दुसरी तशीच रांग बांधली. आता वेढा घालणारे सैन्यच दोन तटांच्या मधल्या पट्ट्यात बंदिस्त झाले आणि त्याने तीस दिवसांची रसद आत भरून घेतली. मदतीला मोठी फौज आली, पण पहिले दोन हल्ले परतवले गेले. तिसऱ्या वेळी गॉल सेनापतींनी स्थानिक लोकांना विचारून कच्चा दुवा हेरला. उत्तरेची एक टेकडी घेराच्या विस्तारामुळे रोमनांना तटबंदीत सामावून घेता आली नव्हती आणि तिथल्या दोन लीजनांची छावणी नाइलाजाने उतारावर, गैरसोयीच्या जागी पडली होती. साठ हजार निवडक लोक वरच्या बाजूने याच छावणीवर चालून आले, त्यांनी माती टाकून सापळे बुजवले आणि सीझरला प्रथम लाबिएनस या आपल्या सर्वांत कसलेल्या दुय्यम सेनापतीला सहा कोहोर्ट देऊन आणि शेवटी स्वतः तिकडे धाव घ्यावी लागली. रोमन घोडदळ हल्लेखोरांच्या पाठीवर येऊन पोहोचले तेव्हा निकाल लागला आणि दुसऱ्या दिवशी व्हर्सिंजेटोरिक्स शरण आला. फ्रान्समधील अलीझ-सँत-रेन या गावी तिसऱ्या नेपोलियनच्या आश्रयाने १८६१ ते १८६५ या काळात आणि पुन्हा १९९१ ते १९९७ या काळात फ्रेंच-जर्मन पथकाने केलेल्या उत्खननांत हे खंदक आणि खड्डे सापडले. मात्र सगळीकडे सीझरच्या वर्णनाबरहुकूम एकच नमुना नसून जमिनीच्या चढउतारानुसार रचना बदललेली होती, हेही त्यांतून उघड झाले.

जिथे जोडभिंत राहून गेली

अलेसियाला जे थोडक्यात निभावले, ते इ. स. पू. ४८ मध्ये आजच्या अल्बानियाच्या किनाऱ्यावरील डायरॅकियमजवळ निभावले नाही. यादवी युद्धातील प्रतिस्पर्धी पॉम्पी समुद्र पाठीशी घेऊन तळ देऊन होता आणि त्याचे सैन्य सीझरपेक्षा मोठे होते. तरीही सीझरने जमिनीच्या बाजूने त्याला कोंडण्यासाठी रांग टाकायला सुरुवात केली, आणि पॉम्पीनेही आतून स्वतःची रांग उभारून ती जास्तीत जास्त लांबायला भाग पाडले. सीझरची रांग अखेर १७ रोमन मैलांची झाली, आणि तिच्या सर्व भागांवर काम एकाच वेळी चालू राहिले. दक्षिणेच्या टोकाला, समुद्रालगत, एक तट पॉम्पीकडे तोंड करून आणि दुसरा त्याच्या मागे ६०० फुटांवर बाहेरच्या बाजूला तोंड करून बांधला होता. समुद्राच्या अंगाने या दोन्ही तटांना जोडणारी आडवी भिंत तेवढी पुरी व्हायची राहिली होती.

ही उणीव शत्रूला कळली ती फितुरीतून. सीझरच्या घोडदळातील आलोब्रोजी जमातीच्या दोघा सरदार बंधूंवर आपल्याच स्वारांचा पगार लाटल्याचा ठपका आला, तेव्हा ते पॉम्पीला जाऊन मिळाले आणि कोणते काम अपुरे आहे, पहारे कधी बदलतात हे सर्व त्यांनी सांगितले. पॉम्पीने हलक्या शस्त्रांचे शिपाई आणि तिरंदाज रात्री नावांतून पाठवले आणि पहाटे जमिनीवरून ६० कोहोर्ट चालून आल्या. नावांतून उतरलेले लोक त्याच मोकळ्या फटीतून दोन तटांच्या मध्ये घुसले आणि नवव्या लीजनच्या पहारेकऱ्यांची पाठ उघडी पडली. मार्क अँटनी बारा कोहोर्ट घेऊन आल्यावर कोसळणारी आघाडी कशीबशी थोपली. त्याच दिवशी सीझरने केलेला उलट हल्लाही बिघडला, कारण त्याच्या उजव्या फळीने छावणीपासून नदीपर्यंत गेलेल्या एका तटालाच छावणीचा तट समजून दरवाजा शोधण्यात वेळ घालवला. माघार घेताना कित्येक जण खंदकात पडून आपल्याच सोबत्यांच्या पायाखाली चेंगरले. सीझरने स्वतः दिलेल्या आकड्यानुसार त्या एका दिवसात त्याचे ९६० शिपाई आणि ३२ अधिकारी गेले, आणि वेढा सोडून त्याला थेसलीकडे निघून जावे लागले. काही आठवड्यांनी फार्सेलसच्या उघड्या मैदानावर त्याने पॉम्पीचा पराभव केला, ही गोष्ट वेगळी.

पुढील काळात साम्राज्याच्या सीमा स्थिरावल्या तशी ही कामे तात्पुरत्या लाकडाकडून कायमच्या दगडाकडे वळली. सम्राट ट्रेजनने इ. स. १०३ ते १०५ या काळात, डेशियावरील दुसऱ्या स्वारीच्या तयारीसाठी, दमास्कसच्या अपोलोडोरस या वास्तुविशारदाकडून डॅन्यूब नदीवर दगडी खांब आणि लाकडी कमानींचा एक किलोमीटरहून अधिक लांबीचा पूल बांधून घेतला, ज्याच्या खांबांचे अवशेष आजही रुमानिया आणि सर्बियाच्या काठांवर आहेत. परंतु त्याचा वारस हेड्रियन याने त्या पुलाचा वरचा भाग काढून टाकला, कारण पहारे मोडून शत्रू त्यावरून अलीकडे येईल अशी त्याला भीती वाटली, असे इतिहासकार डायो कॅशस सांगतो. पुरा झालेला पूल कोणत्याही बाजूने चालून येणाऱ्याला सारखाच वाट देतो, आणि म्हणून काम कधी पुरे करायचे याइतकाच ते कधी मोडायचे हा निर्णयही सेनापतीला घ्यावा लागे. सीझरने ऱ्हाइनवरचे पूल मोडले तेव्हा त्याने हा हिशेब केला होता. डायरॅकियमला मात्र आपल्या मनुष्यबळाला वेळेत पुरी करता येणार नाही एवढी लांब रांग त्याने हाती घेतली, आणि तिथला पराभव शिपायांच्या शौर्यात काही कमी पडले म्हणून झाला नव्हता, तर या हिशेबातल्या चुकीमुळे झाला होता.